पोराला सोबत नेणारा बाप

राजगडावर येणारे बाप दोन जातींचे असतात. एक पोराला गड दाखवायला आलेला. दुसरा स्वतःच्याच ओढीनं आलेला आणि येताना पोराला सोबत घेतलेला. पहिला दर टप्प्यावर विचारतो, "मजा येतेय ना रे?" दुसऱ्याला हे विचारायचं सुचतही नाही. तो पुढे चालत असतो, पोर मागून धापा टाकत येत असतं, आणि तरी पुढच्या वेळी "मीपण येणार" म्हणून हट्ट धरतं.

दुसऱ्या जातीचा बाप म्हटलं की मला गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, आठवतात. 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९८१च्या अकोला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, ही त्यांची पुस्तकी ओळख. राजगडाभोवतीच्या वेल्ह्याच्या डोंगरांतले गोनीदा निराळे. तळेगाव दाभाड्याला राहणारा हा माणूस आयुष्यभर गड चढला आणि जाताना माणसं गोळा करत गेला. सुट्टीत गडावर जाणं हे चारचौघांना खूळ वाटायचं, त्या काळात त्यांनी कितीतरी तरुण मुलांना हे वेड लावलं. राजगडावर त्यांचा विशेष जीव. तिथं ते मुक्काम ठोकून राहत. 'वाघरू' कादंबरी याच गडावर घडते, आणि 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून पाठपिशवी बांधणारे लोक अजून भेटतात.

घरात ते आप्पा. लेक वीणा त्यांच्या या वेडातच वाढली. पुढे ती मराठीची प्राध्यापिका झाली, लेखिका झाली, आणि 'आशक मस्त फकीर' हे बापावरचं पुस्तक तिनंच लिहिलं. वीणा देव आणि त्यांचे पती विजय देव यांनी आप्पांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं गावोगाव केली. नात मृणाल कुलकर्णीही त्यात वाचू लागली. आता वीणाताईही नाहीत, २०२४च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. बापाचा आनंद लेकीनं स्वतःचा मानून आयुष्यभर वागवला, यावरून तो तिला कसा मिळाला असेल याचा अंदाज येतो. सक्तीनं दिलेली गोष्ट पोरं पहिली संधी मिळताच टाकून देतात.

या बापाचं स्वतःचं बालपण पाहिलं की गंमत वाटते. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी त्यांनी घर सोडलं. पुढे गाडगे महाराजांबरोबर फिरणं, आळंदीत वेदान्ताचा अभ्यास, पायी नर्मदा परिक्रमा. बापाच्या घरातून निघून गेलेल्या या पोरानं स्वतः बाप झाल्यावर लेकीला आपल्या भटकंतीतच जागा दिली. तिनं शोधत यावं असा दूरचा बाप त्यांना व्हायचं नसावं, हा माझा तर्क.

आपण मुलांना वेळ द्यायचा म्हणजे आपलं आवडीचं काम बाजूला ठेवायचं असं समजतो. मग तो वेळ त्यागासारखा भासू लागतो, आणि मुलांना त्यागाचा वास लगेच येतो. त्यापेक्षा बाप स्वतः कशात तरी मनापासून रमलेला दिसणं ही मोठी गोष्ट. तबला असेल, तालीम असेल, शेताचा बांध असेल. अट एकच, दार आतून लावलेलं नको.

गोनीदांनी हे दार फक्त लेकीसाठी उघडं ठेवलं नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहावंसं वाटतं. आणि ज्यांच्या अंगणात हा भटकंतीचा आनंद चालतो त्या डोंगरातल्या माणसांना ते विसरले नाहीत. 'माचीवरला बुधा' असो की 'पवनाकाठचा धोंडी', त्यांचे नायक डोंगरातले. शहरातून आलेला पाहुणा त्यांच्या कथेत मधोमध बसत नाही. गडावर मात्र आज तोच मधोमध बसलेला दिसतो. जुलै २०२५मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला, वेल्हे तालुक्याला गडाचं नाव मिळालं. चेलाडी फाट्यावरून मार्गासनी, साखर ओलांडून रविवारी गाड्यांची रांग गुंजवण्याला लागते. पद्मावती माचीवर बाटल्या पडतात. ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन तोच चढ चढलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस होते, आणि शेजारी उभं पोर ते बघत असतं. बापासोबत आलेलं पोर हेही उचलतं.

पण प्रत्येक पोराला असा सोबत नेणारा बाप मिळत नाही. भोर-वेल्ह्यातल्या गावांत शनिवार-रविवारीही घरी नसणारे बाप पुष्कळ आहेत. कुणी पुण्यात, कुणी शिरवळच्या कारखान्यात पाळीवर. त्यांची पोरं गडाच्या पायथ्याला राहूनही कुणाबरोबर हौसेनं वर गेलेली नसतात. गेली तर पाण्याच्या बाटल्या विकायला. आणि आपल्या सोसायटीतही असा एखादा मुलगा असतोच, ज्याच्या बाबांना सुट्टी मिळत नाही. पुढच्या रविवारी गाडीत एक जागा रिकामी असेल, तर निघायच्या आधी त्याच्या आईला विचारा.