अक्षराचा वेष

इ. स. १४५५ च्या सुमारास माइन्झ शहरी गुटेनबर्गने लॅटिन बायबल छापले, ते काळ्याभोर, टोकदार वळणाच्या अक्षरांत. या अक्षरकुळास 'ब्लॅकलेटर' म्हणतात. याच कुळातील 'फ्राक्टुर' हे वळण जर्मनीत विसाव्या शतकापर्यंत नित्याच्या छपाईत नांदले. १९४१ साली खुद्द नाझी राजवटीनेच त्यास निरोप दिला. गणितज्ञांनी मात्र ते सोडले नाही, आणि त्यास सबळ कारण आहे. 'सी' हे एकच अक्षर घ्या. साधे लिहिले तर ती एखादी स्थिर संख्या असेल. फ्राक्टुर वळणात लिहिले तर ते सर्व वास्तव संख्यांच्या संचाचे आकारमान, म्हणजे मोजदादीपलीकडचे अनंत. गणितात वेष बदलला की वस्तूच बदलते.

संगणकावर सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची जागतिक व्यवस्था आहे. तिने २००१ साली या गणिती अक्षरांच्या मालिकेस स्वतंत्र क्रमांक दिले. ही सोय गणितासाठी आहे, मजकुराच्या सजावटीसाठी नाही, हेही तिने सांगून ठेवले. परंतु अक्षरे देखणी. त्यांना जुन्या चर्चमधील शिलालेखांचा भारदस्तपणा आहे. मग विवाहाचे निमंत्रण असो की निधनवार्ता, इंग्रजीत लिहिलेले नाव मोबाईलवर या वेषात नटू लागले. (देवनागरीला असा वेष मिळालेला नाही, हे आम्हांस भाग्याचेच वाटते.)

यात बिघडले काय? डोळसाचे काहीच नाही. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र मोबाईल मजकूर मोठ्याने वाचतो, आणि तो वाचतो क्रमांक ओळखून. 'मारिया' या नावाऐवजी तो 'गणिती फ्राक्टुर मोठा एम' अशा थाटात एकेक चिन्हाचे नाव घेतो, किंवा ती अक्षरे गाळून पुढे जातो. कोणीतरी निवर्तले एवढे त्या घरातील अंध आजीला कळते. कोण, ते कळत नाही.

हे असत्य म्हणावे काय? संत ऑगस्टिनने असत्याचा विचार करताना फसविण्याच्या हेतूस महत्त्व दिले. येथे तसा हेतू कोणाचाच नाही. पण त्याच संताने चिन्हाविषयी जे सांगितले ते आम्हांस येथे अधिक जवळचे वाटते. चिन्ह इंद्रियांना दिसते वा ऐकू येते, आणि मनात दुसरीच वस्तू उभी करते. शब्दांसारख्या चिन्हांना हे बळ माणसांच्या आपसांतील संमतीने लाभते. नटविलेल्या नावात ही संमती अर्धीच पाळली जाते. नुसत्या आकाराकडे पाहणाऱ्यापुरती ती टिकते, आणि जो आकार पाहू शकत नाही तो तिच्याबाहेर राहतो. हेतू निर्मळ असला तरी शेजाऱ्याचे देणे फिटले, असे आमचे नीतिशास्त्र मानीत नाही.

कोणी म्हणेल, यंत्रालाच शिकवा की! नटवे अक्षर साध्या अक्षरात उतरविण्याची रीत युनिकोडने आखून दिलेली आहेच. खरे आहे. परंतु यंत्राने सर्वत्र तसेच केले तर गणित शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याचे काय? त्याला फ्राक्टुर 'सी' आणि साधा 'सी' एकसारखेच ऐकू येतील, आणि त्याच्या सूत्रातील अनंताची स्थिर संख्या होईल. एका अंधाला वेष ऐकू यायलाच हवा, दुसऱ्या अंधाला तो मुळीच नको. सूत्र कोणते आणि निधनवार्ता कोणती, हे लिहिणाऱ्यास लिहितानाच ठाऊक असते. यंत्रास त्याचा अंदाज करावा लागतो. म्हणून हा भार प्रथम लिहिणाऱ्याने उचलावा, असे आम्हांस वाटते. तो फारसा जडही नाही. सुंदर अक्षरांचे चित्र करून पाठवावे, आणि त्याखाली नाव, वार व मिस्साची वेळ साध्या अक्षरांत लिहावी.