काटकसरीचं भांडवल

किराणा स्वस्तात कसा पडेल याचे सल्ले सगळीकडे सारखेच असतात. यादी करून निघा, मोठं पाकीट घ्या, हंगामात साठवण करा. सल्ले खोटे नाहीत. पण ते देणारा धरूनच चालतो की, घेणाऱ्याच्या हाती एकरकमी पैसा आहे आणि घरात डबे ठेवायला जागा आहे. ज्या घरात या दोन्ही गोष्टी नाहीत, तिथल्या बाईला काटकसर शिकवणं अन्यायाचं आहे, कारण पै-पैचा हिशोब तिच्याइतका कोणी करत नसतं. किराण्यातली मोठी बचत हे आधीच्या बचतीवरचं व्याज असतं. ज्यांच्याकडे मुद्दलच नाही, ते एकेकट्याने खरेदी करत राहतील तोवर हे व्याज त्यांना मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर्षाचं धान्य भरण्याची आपली जुनी रीत पाहा. तूर हिवाळ्यात निघते, नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. आवक वाढली की भाव उतरतो, हे घराघराला ठाऊक होतं. म्हणून गव्हाला ऊन द्यायचं, त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, डाळीला एरंडेल चोळायचं आणि पावसाळ्याआधी कोठी भरायची. यात शहाणपण होतं, मेहनतही होती. पण ही बेगमी जमायची कोणाला? वर्षाच्या धान्याचा पैसा ज्याच्याकडे एकदम मोकळा असे, त्यालाच. शेतमजूर तोच गहू भर पावसाळ्यात, चढ्या भावाने, थोडाथोडा आणि बहुधा वहीवर लिहून नेई. उधारी देणारा दुकानदार त्याचा वैरी नव्हता. अडीनडीला तोच उभा राहायचा आणि आजही राहतो. पण अडकलेल्या पैशाची किंमत तो भावातच धरतो, आणि ती भरतो ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे तो.

२०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात कुटुंबाच्या खर्चातला सुमारे ४७ टक्के आणि शहरी भारतात सुमारे ४० टक्के वाटा खाण्यापिण्यावर जातो. शहरी खर्चात तृणधान्यांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आहे, तर पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा ११ टक्क्यांच्या. यावर लगेच कोणी म्हणेल की, लोकांनी बिस्किटं-फरसाण कमी करावं, बचत आपोआप होईल. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. मात्र या गटात टपरीवरचा चहा आणि विकतचं जेवणही येतं. पहाटे कामावर निघणाऱ्या, भाड्याच्या खोलीत पाचजणांसोबत राहणाऱ्या कामगाराचं तेच स्वयंपाकघर असतं. शिवाय रेशनवरचं धान्य २०२३पासून मोफत असल्याने पात्र कुटुंबांचा धान्यावरचा खर्च हलका झाला आहे. उरतं ते डाळ, तेल, दूध, भाजी, मसाला. भावाचे चटके तिथेच बसतात, आणि तिथे रेशनचा आधार तोकडा पडतो.

लहान पाकीट नेहमी महाग पडतं असंही नाही. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. म्हणूनच सरसकट नियमापेक्षा दर पाहणं महत्त्वाचं. वेष्टनावर आता एककाचा दर छापावा लागतो, ही फार चांगली सुधारणा आहे. पण किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला आणि त्यावरच्या पाकिटावर किलोला छापतात, त्यामुळे तुलना करायची तर हजाराने गुणावं लागतं. बारीक अक्षरांतला तो आकडा दुकानाच्या गर्दीत किती जण गुणून पाहतील? दोन्हीकडे किलोचाच दर ठळक छापला, तर उपदेशाच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तरीही दर कळल्याने मुद्दल उभं राहत नाही. ते उभं करण्याची वाट जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी १८४४मध्ये थोडे थोडे पैसे जमवून पीठ, लोणी, साखर विकणारं स्वतःचं दुकान काढलं. मुंबईत गिरणगावाच्या परिसरात, नायगावला, १९४८मध्ये ‘अपना बाजार’ची सुरुवात झाली. १९७५मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळलं: शेजारच्या काही कुटुंबांचा संघ, महिन्याची एकत्र मागणी, माल एका घरी उतरवायचा आणि सभासदांनी वाटून घ्यायचा. दुकानाचं भाडं नाही, सजावट नाही, जाहिरात नाही.

आज मोठी सुपरमार्केटं घाऊक खरेदीचा फायदा गिऱ्हाइकाला देतातच, मग ही उस्तवार कशाला, असा आक्षेप रास्त आहे. त्यांनी भाव खाली आणले हे मान्यच करायला हवं. पण तिथे जायला बसभाडं, रिकामी सुटी आणि हातात रोकड लागते. वहीवर लिहायची सोय नसते. याहून गंभीर आक्षेप वेळेचा आहे. मागणी गोळा करणं, माल वाटणं हे काम आजवर मुख्यतः बायकांनी विनामोबदला केलं आणि त्या श्रमाला बचतीच्या हिशोबात कोणी धरलं नाही. ते धरायलाच हवं, म्हणजे त्या कामाचे पैसे द्यायला हवेत. महाराष्ट्रात गावोगावी बचत गट आहेत, कर्ज देण्या-फेडण्याची त्यांची शिस्त बसलेली आहे. एखाद्या गटाने जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर येताच अंतर्गत कर्जातून वर्षाच्या डाळीची एकत्र खरेदी केली, सभासदांकडून महिन्याच्या हप्त्याने रक्कम घेतली आणि साठवण-वाटप सांभाळणाऱ्या बाईला भावातल्या फरकातून मेहनताना दिला, तर कोठी भरण्याची सोय एका खोलीत राहणाऱ्या घरालाही होईल. भाव उलटा फिरला तर तोटा होईल, ही जोखीम खरी आहे. ती दहा-पंधरा घरांत वाटली जाते. वहीवर डाळ नेणारं घर मात्र चढ्या भावाचा सगळा भार आजही एकटंच सोसतं.