कच्ची काठी

गंगाखेडहून गोदावरीच्या कडेने थोडे पुढे गेले की आमचे गाव लागते. तिथे एक सुतार आहेत. सारे गाव त्यांना मामा म्हणते. बैलगाड्यांचे दिवस सरल्यापासून त्यांचे पोटापाण्याचे काम म्हणजे दारे, खिडक्या आणि खाटांचे पाय. पण हौस मात्र काठ्यांची. त्यांच्या ढाळजेत आढ्याला बोरीच्या फांद्यांची एक पेंडी बारा महिने टांगलेली असते. दोन्ही टोकांना शेणाचा लेप, अंगावर साल जशीच्या तशी. अनोळखी माणसाला वाटावे की घरधन्याने सरपण फारच जपून ठेवले आहे!

२०१५ सालच्या दिवाळीत आमचे नाना ओसरीवरून घसरून पडले. हाड मोडले नाही, पण चालण्याची हिंमत मोडली. मी परभणीला गेलो आणि ॲल्युमिनियमची एक काठी घेऊन आलो. खाली रबरी बूट, वर काळी मूठ, उंची कमीजास्त करायला ओळीने भोके. नानांनी ती दोन दिवस इमानाने वापरली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात उभी करून म्हणाले, "खुर्चीचा पाय उपसून हातात धरल्यासारखं वाटतं रे." बाजारात वेळूची लाठी मिळाली असती. पण लाठी उंच असते, ती वरच्या अंगाला मुठीत धरून चालायचे. दांडीयात्रेतल्या गांधीजींची काठी वेळूचीच होती. ती चालणाऱ्याची काठी. नानांना हवी होती टेकणाऱ्याची, म्हणजे वरून सारा भार घालता येईल अशी, वाकड्या मुठीची.

तेव्हा मी मामांकडे गेलो. आढ्याकडे बोट दाखवून म्हणालो, "मामा, यातली एक तासून द्या."

"ह्या न्हाईत व्हायच्या. शिवरात्रीला तोडल्यात. अजून एक उन्हाळा खाऊ द्या त्यांना."

"नाना ब्याऐंशी वर्षांचे आहेत, मामा."

"म्हणूनच न्हाई म्हणतो, भाऊ."

आदल्या वर्षीच्या वाळलेल्या काठ्या? त्या आषाढात संपल्या होत्या. शेगावची पालखी परभणीवरून गंगाखेडला येते, पुढे परळीकडे जाते. त्या वेळी मामा काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. कोणा परक्या गावच्या म्हाताऱ्या वारकऱ्याने नानांच्या वाटची काठी टेकत टेकत पंढरपूर गाठले असेल! हा विचार त्या वेळी मला मुळीच गोड वाटला नाही.

लाकूड वाळायला इतका वेळ का लागतो, हे मामांनी मला आमच्या रानाकडे हात करून सांगितले. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, का? तर वरचा थर वाळून आकसतो आणि खालची ओल त्याला आकसू देत नाही. लाकडाचेही असेच. ओल्या फांदीत पाणी दोन ठिकाणी असते. पेशींच्या पोकळ्यांतले पाणी आधी निघून जाते. तोवर फांदी हलकी होते, पण आकसत नाही. वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओल उतरली, म्हणजे मग पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते, आणि खरी परीक्षा तिथून पुढे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, गाभ्याकडच्या दिशेने थोडे आकसते, आणि घेराच्या बाजूने त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणून अखंड गोल फांदी घाईने वाळवली की ती सालीपासून गाभ्यापर्यंत उभी तडकते. टोकांतून ओल सर्वांत वेगाने पळते, म्हणून शेणाचा लेप. अंगातून बेताने जावी, म्हणून साल ठेवायची. आणि ऊन नको, वारा हवा, म्हणून ढाळज. इंचभर जाडीला एक वर्ष असा सुतारांचा ठोकताळा आहे. मामांचा भरवसा मात्र तराजूवर. दर अमावास्येला ते एक फांदी तोलतात, आणि वजन उतरायचे थांबल्याशिवाय वाकसाला हात लावत नाहीत. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन लाकूड पुन्हा किंचित जड होते, म्हणून दुसरा उन्हाळा.

हे सारे मला पटले, आणि तरी माझा राग गेला नाही. पटणे आणि राग जाणे यांचा फारसा संबंध नसतो. मी म्हणालो, "कच्ची आहे हे सांगून द्या. तडकली तर जोखीम आमची."

त्यावर मामा जे बोलले ते मी गेली कित्येक वर्षे मनात घोळवीत आहे. ते म्हणाले, "तुमाला सांगितलेलं तुमच्या ध्यानात ऱ्हाईल. पडताना हाताच्या ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

प्रश्न साधा नाही. ज्याच्यापाशी काळ थोडा आहे त्याला आपण 'थांब' असे कोणत्या तोंडाने सांगावे? उत्तम वस्तू पुढच्या वर्षी देईन, हे वचन तरुणाला शोभते. म्हाताऱ्याला ते नकारासारखेच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. घरे गेलेल्यांना, पक्की घरे होईपर्यंत थांबा, असे कोणी म्हणाले असते तर आपण त्याला माणूस म्हटले नसते. आधी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, घरे मागाहून झाली. उन्हात तापणारे ते पत्रेच त्या घडीला योग्य होते. मग मामांचा हा हट्ट कारागिराचा अहंकारच नव्हे काय? आपल्या हातची काठी तडकली असे लोकांनी म्हणू नये, एवढ्यासाठी एका म्हाताऱ्याला ताटकळत ठेवायचे?

पुष्कळ दिवस मी असेच समजत होतो. पुढे हळूहळू ध्यानात आले, की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत होतो. पत्र्याची शेड अपुरी असते, कच्ची नसते. ती आपले उणेपण लपवीत नाही. तिच्याखाली राहणारा उकाडा सोसतो, पण ती घर आहे अशा भ्रमात राहात नाही. ओली काठी मात्र वाळलेल्या काठीहून हातात भारदस्त वाटते, तासायला मऊ जाते, अंगावर तकाकीही छान धरते. ती पक्क्याचे सोंग घेते. आणि हे सोंग उतरते केव्हा, तर कोणी तिच्यावर सारा भार टाकतो त्याच क्षणी. अपुरे द्यायला हरकत नाही, किंबहुना अडलेल्याला ते द्यावेच. पण ज्याच्यावर माणूस डोळे मिटून टेकणार, ते कच्चे देता येत नाही. 'सांगून दिले' या शब्दाने तिथे हात झटकता येत नाहीत.

याचा पुरावा आमच्याच घरात होता. नानांनी त्या हिवाळ्यात आपली जुनी छत्री धरली. लाकडी मुठीची, काळी, एक काडी मोडलेली. तिच्यावर भार पेलणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी तो कधी टाकलाही नाही. एक हात छत्रीवर, दुसरा माझ्या धाकट्याच्या खांद्यावर, अशी स्वारी रोज मारुतीच्या पारापर्यंत जाई. २०१६चा तो उन्हाळा दुष्काळाचा. आभाळात ढगाचा टिपूस नाही आणि हे छत्री घेऊन निघालेले! गावातली पोरे विचारीत, "नाना, पाऊस येतोय का?" नाना म्हणत, "येईल तेव्हा पळापळ नको."

चैत्र संपता संपता नाना गेले.

काठी दसऱ्याला आली. मामांनी निखाऱ्यावर फिरवून तिचा बाक काढला होता, वाकसाने तासून, कानशीने घासून, शेवटी फुटक्या काचेच्या धारेने खरवडून तिला जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले होते. खाली पितळी शेंबी. एकही चीर नाही. त्यांनी ठरलेले पैसे मोजून घेतले, आणि ते मला आवडले. फुकट दिली असती तर ती माफी मागितल्यासारखी झाली असती, आणि त्यांना माफी मागायची नव्हती.

मी मात्र विचारले, "मामा, नाना गेल्यावर ही कशाला पुरी केलीत?"

"नानांची म्हणून कुठं वाळवली व्हती? कोन म्हातारं होनार हे आधी कळतंय व्हय? कोन ना कोन होतंच की."

मामांचे चुकले नाही असे मी आता म्हणतो. तरी ते पाच-सहा महिने माझ्या हिशेबात अजून बसत नाहीत, हेही खरे. मनाची समजूत काढायची म्हणून मी मामांना संत करणार नाही. एखादी जास्तीची काठी ते आषाढात मागे ठेवू शकले असते. पण मग माझेही तेच. नाना ऐंशीचे झाले तेव्हा मी काय करीत होतो? बांधावर बोरी होत्या, घरावर माळवद होते, तराजू होता. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काठी शोधायला निघालेला मी, दोन वर्षे आधी वाळत घालणाऱ्याला घाईचा धडा देत होतो.

ती काठी आता आई वापरते. तिला ती थोडी उंच होती; मामांनी दोन बोटे कापून शेंबी पुन्हा बसवून दिली.

गेल्या शिवरात्रीला बोरे सरल्यावर मी बांधावरच्या पाच फांद्या तोडल्या. शेण लावले, आढ्याला टांगल्या. एक वैशाखातच उभी तडकली, कारण ती मी दाराजवळ, उन्हाच्या तिरपीत बांधली होती. मामा बघून हसले, आणि बाकीच्या चार त्यांनी स्वतःच्या हाताने आत सरकवल्या. परवा अमावास्येला त्यातली एक तोलत होतो तेव्हा धाकट्याने विचारले, "बाबा, या कुणाच्या?" मी त्याला वही आणायला सांगितली. गेल्या महिन्यापेक्षा वजन दोन तोळ्यांनी उतरले आहे.