सक्ती उठल्यावर काय उरते?



नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या थोडेच दिवस आधी, परमपूज्य बाबासाहेबांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण नाहीसे व्हावे हे ध्येय दोघांचेही. परंतु साम्यवाद्यांचा मार्ग सक्तीचा. ही सक्ती एके दिवशी उठली म्हणजे मागे काय राहील, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळी याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. आज ते मिळू शकते. ते शोधायला रशियात जाण्यापेक्षा मंगोलियाकडे पाहा; कारण तो देश बौद्धांचा आहे.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९२१ च्या क्रांतीपूर्वी तेथील मठ ही काही समतेची घरे नव्हती. मठांच्या मालकीचे मोठमोठे कळप होते, ते राखणारी माणसे मठांशी बांधलेली होती आणि सामान्य जनता निरक्षर होती. पण चोइबाल्सानच्या राजवटीने १९३७ ते १९३९ मध्ये जे केले, त्याला सुधारणा कोण म्हणेल? हजारो लामांना गोळ्या घातल्या, शेकडो मठ जमीनदोस्त केले. त्याच साम्यवादी सत्तेने पुढे जवळजवळ सगळ्या जनतेला लिहावाचायला शिकवले, मुलींना डॉक्टर केले. हेही खरे आहे. पण त्याने ते फिटत नाही.

मार्च १९९० मध्ये उलानबातरच्या सुखबातर चौकात तरुण उपोषणाला बसले आणि सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्यूरोने राजीनामा दिला. रक्त न सांडता सत्ता वाकली, याचा बौद्धांना आनंदच वाटला पाहिजे.

मग सार्वजनिक मालमत्तेची वाटणी आली. १९९१ साली प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या मुलालासुद्धा, दहा हजार तुगरिक किमतीची कुपने मिळाली. कागदावर याहून समान वाटणी कोणती? पण सोव्हिएत मदत आटली होती, महागाई भडकली होती. ज्याच्या घरात पीठ नव्हते त्याने कुपने पडत्या भावाने विकली. ज्याच्यापाशी रोकड होती त्याने ती घेतली. पशुपालनाच्या सहकारी संस्था मोडल्या, जनावरे घरोघर गेली. बंधूंनो, शेळीमेंढी वाटता येते. विहीर, चाऱ्याचा साठा, जनावरांचा डॉक्टर कसा वाटणार? त्यांना कोणी वालीच राहिला नाही. कळपामागे हात हवेत म्हणून कित्येकांनी मुलगे शाळेतून काढले. शिक्षण गेले ते असे.

१९९९ पासून लागोपाठ तीन हिवाळे 'झुद' आला. झुद म्हणजे गवत बर्फाखाली गाडले जाते आणि गुरे उपाशी मरतात. एक कोटीच्या आसपास जनावरे गेली. कळप गमावलेली कुटुंबे तंबू उचलून उलानबातरच्या कडेच्या टेकड्यांवर आली. तेथे ना नळ, ना गटार.

गवताळ प्रदेशात जे टिकले, ते बरेचसे 'खोत-ऐल'च्या आधाराने टिकले. चार-दोन बिऱ्हाडांनी आपखुशीने एकत्र तळ द्यायचा, एकमेकांची गुरे राखायची, ही तेथली फार जुनी रीत. हुकमाने उभारलेली सहकारी संस्था हुकूम संपताच मोडली. हुकमावाचून चालत आलेली रीत उरली. बाबासाहेबांच्या सवालाचे उत्तर मला तरी येथे दिसते.

आणि धम्म? तो परतला. १९३८ साली उतरवून नेलेल्या अवलोकितेश्वराच्या जागी गंदन विहारात १९९६ मध्ये सुमारे २६ मीटर उंचीची नवी मूर्ती उभी राहिली, तीही लोकांच्या दानातून, हलाखीच्या वर्षांत. त्या दानाला मी नावे ठेवणार नाही. परंतु विहारात रोज काय चालते? माणूस खिडकीपाशी जातो, घरातले आजारपण, मुलाची परीक्षा, जी अडचण असेल ती सांगतो, ठरलेले पैसे भरतो आणि लामा त्या अडचणीवरचे सूत्र वाचतो. वाचतो तिबेटी भाषेत. पैसे भरणाऱ्याला त्यातले अक्षरही कळत नाही. न कळणारी भाषा आणि ठरलेली दक्षिणा! हे तुम्ही दीक्षेपूर्वी कोठे पाहिले होते, ते मी सांगायला नको.

अलीकडे काही विहारांत मंगोल भाषेतून पठण होऊ लागले आहे. तेथे बसलेल्या बाईला निदान एवढे कळते, की आपण कशापुढे हात जोडले आहेत. न पटल्यास ती विचारूही शकते.