प्रार्थना कोणाची ऐकली गेली?

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपली कुटुंबे जातात. कोणी मुलाच्या दुखण्यासाठी मेणबत्ती लावतो, कोणी नोकरीसाठी, तर कोणी नवस फेडण्यासाठी आलेला असतो. परतीच्या वाटेवर एक प्रश्न मात्र सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही : शेजाऱ्याची प्रार्थना फळली, मग आमचीच का फळली नाही? हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला तो एका चित्रपटामुळे.

रॉन हॉवर्ड यांचा ‘अपोलो १३’ हा चित्रपट १९९५ साली आला. त्याची कथा खरी आहे. ११ एप्रिल १९७० रोजी जिम लॉव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ हे तिघे अंतराळवीर चंद्राकडे निघाले. दोन दिवसांनी, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटर अंतरावर, त्यांच्या यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. चंद्रावर उतरण्याचा बेत सोडावा लागला. दोघांसाठी सुमारे दोन दिवस पुरेल असे बांधलेले छोटे चांद्रयान तिघांसाठी जवळजवळ चार दिवसांचा आसरा बनले. थंडी कडाक्याची, पाणी मोजके. श्वासातून बाहेर पडणारा विषारी वायू शोषून घेणारे मुख्य यानातील डबे चौकोनी, तर चांद्रयानातील त्यांची जागा गोल! तेव्हा जमिनीवरील तंत्रज्ञांनी प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांतून एक जोड तयार केला आणि तो बांधण्याची रीत अंतराळवीरांना शब्दाशब्दाने वाचून दाखविली. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप समुद्रात उतरले.

त्या दिवसांत पोप सहावे पौल यांनी हजारो भाविकांसह त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. आपल्या देशातही अनेकांनी हात जोडले. म्हणून आपण सहज म्हणून जातो, देवाने ऐकले.

परंतु असे म्हणताच दुसरी घटना समोर येते. १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान सुटले. त्यात हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण होते. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान भंगले आणि सातही जण गेले. त्यांच्या घरच्यांनी प्रार्थना केली नसेल काय? तिघांचे ऐकणारा देव सातांच्या वेळी बहिरा झाला, असे श्रद्धावंताने मानावे काय?

आम्हांस वाटते, येथे आपण घाई करतो. कोलंबिया अंतराळात असतानाच काही अभियंत्यांना पंखाची शंका आली होती. पंखाची छायाचित्रे मिळावीत, अशी मागणी त्यांनी केली. ती वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही. चौकशी मंडळाने पुढे स्पष्ट सांगितले, की या अपघाताला तो तुकडा जितका कारणीभूत, तितकीच त्या संस्थेची कामाची रीतही. छायाचित्रे मिळाली असती तर सारे वाचलेच असते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तरीही देवाने ऐकले नाही असे म्हणण्याआधी माणसांनी माणसांचे ऐकले नव्हते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

‘अपोलो १३’ चित्रपटात नियंत्रण-प्रमुखाच्या तोंडी, अपयश आम्हांस मान्यच नाही, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. ते त्याने प्रत्यक्षात उच्चारले नव्हते. चित्रपटासाठी ते रचले गेले. खरे पाहता त्या रात्री तेथे उलटेच घडत होते. काय बिघडले आहे, आणखी काय बिघडू शकते, हे कनिष्ठातला कनिष्ठ तंत्रज्ञही सांगत होता आणि त्याचे ऐकले जात होते. त्या ऐकण्यातच प्रार्थनेचे उत्तर दडले होते, असे म्हटले तर देवाचा मोठेपणा कमी होतो काय? आम्हांस तसे वाटत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांना आहे. पावसासाठी तेव्हा जपमाळा म्हटल्या गेल्या. याच जिल्ह्यात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अनेक वर्षे पाणलोट विकासाचे काम केले. डोंगरउतारावर चर खणणे आणि बांध घालणे हे त्यांनी भक्तीच्या विरोधात मानले नाही. पाऊस मागावा देवाकडे, पण पडलेले पाणी अडवावे आपण.

तरीही एक दुःख उरतेच. सारे काही करूनही माणूस हातचा जातो, डॉक्टर आणि घरचे दोघेही हरतात. तेथे आमच्यापाशी स्पष्टीकरण नाही. गेथशेमानी बागेत प्रत्यक्ष ख्रिस्ताने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. न फळलेली प्रार्थना घेऊन घरी परतणारा माणूस देवाने टाकलेला नसतो, एवढे मात्र त्या बागेकडे पाहून आपण सांगू शकतो.

यंदा मतमाउलीपुढे मेणबत्ती लावताना आपले मागणे जरूर मागावे. मात्र घरी परतल्यावर आपल्या घरात कोणाचे बोलणे ऐकले जात नाही, हेही पाहावे. ती सून असेल, म्हातारे वडील असतील किंवा शेतावरचा गडी असेल. कदाचित कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर आपल्या हाती देऊन ठेवलेले असेल.