एकोणिसावा

१९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. सुमारे २ तास ५१ मिनिटांत १९ वे आले. पदक नाही, पण अंतरातले एक पाऊलही उसने नव्हते.

आता शहरोशहरी रविवारी रस्त्यावरच्या शर्यती होतात. चिप ज्याची त्याची वेळ मोजते आणि शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळते. गेल्या वर्षी मीही १० किलोमीटर धावलो. दम संपला होता. परतीच्या वळणापाशी कोणी पाहत नव्हते. शंभरएक पावले अलीकडूनच वळलो. सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांनी माझ्या पदकासाठी टाळ्या वाजवल्या.

यात नुकसान कुणाचे झाले? मी ना पहिला, ना शेवटचा. कुणाचे बक्षीस हिरावले नाही. पण कॉपी करताना सापडलेला मुलगाही हेच म्हणतो, 'सर, मी कुठे पहिला येणार होतो?' त्याला मी शिक्षा करत आलो आहे. जिंकणाऱ्याला निकालाचा आधार असतो. मागून येणाऱ्यापाशी धावलेले अंतर एवढेच धन. त्यातच खोट घातली, तर उरते काय?

हा अंक आमच्या शाळेच्या वाचनालयात येतो. मुले वाचतील. वाचोत.