निवृत्तांची जलयात्रा

ज्याला कामच उरलेलें नाहीं त्यानें सुटी घ्यावयाची ती कशापासून, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं, आम्ही सपत्नीक जलप्रवासास निघण्याच्या आदल्या दिवशीं, हंसत हंसत विचारला. प्रश्न थट्टेचा होता व थट्टेवारीच गेला. परंतु सिंगापूरच्या धक्क्यावर त्या अजस्र जहाजाखालीं मान वर करून उभे राहिलों तेव्हां तो पुन्हां आठवला. आणि पेनांग व फुकेत पाहून, चार रात्रींचा प्रवास आटोपून घरीं आल्यावरही त्यानें आमचा पिच्छा सोडलेला नाहीं.

तिकिटें आमच्या परदेशस्थ चिरंजीवांनीं पाठविलीं होतीं. यंदा त्यांचें येणें जमण्यासारखें नव्हतें. त्याची भरपाई म्हणून ही भेट.

असलें जहाज ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना त्याची कल्पना आंकड्यांनींच द्यावी लागेल. 'टायटॅनिक' हें आपल्या काळचें सर्वांत मोठें जहाज सुमारें ४६ हजार टनांचें होतें. फिनलंडांत तुर्कू येथें बांधलेलें व २०२४ च्या जानेवारींत प्रवासास निघालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' हें सुमारें २ लाख ४८ हजार टनांचें आहे. (हा टन वजनाचा नसून जहाजाच्या आंतील पोकळीच्या मापाचा, हें जातां जातां सांगून ठेवतों.) एका खोलींत दोघे ह्या हिशेबानें त्यावर ५,६१० प्रवासी मावतात, व त्यांच्या दिमतीस सुमारें २,३५० कर्मचारी असतात, म्हणजे दर दोन-अडीच माणसांमागें एक. आमचें जहाज ह्याहून लहान, पण प्रमाण थोड्याफार फरकानें तेंच. पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, अष्टौप्रहर चालू असलेल्या भोजनशाळा ह्यांचें वर्णन करीत बसत नाहीं. जाहिरातींतून तें पुष्कळ येतें.

पहिल्या दिवशीं सौ. नेहमींप्रमाणें पहांटे पांचाला उठल्या आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. चहाचें आधण ठेवावयाचें नव्हतें, दूध तापवावयाचें नव्हतें, कांहींच नव्हतें. सरकारनें आम्हांस अठ्ठावन्नाव्या वर्षीं रीतसर निवृत्त केलें, निरोपाचा हार घातला, पेन्शन बांधून दिलें. सौ. च्या निवृत्तीचा हुकूम मात्र अद्याप कोणीं काढलेला नाहीं. स्नेह्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस त्या पहांटे मिळालें: सुटीवर आम्ही आलोंच नव्हतों; आल्या होत्या त्या, आणि सुटीचें काय करावें तें त्यांना ठाऊक नव्हतें.

मग त्यांनीं अंथरूण नीट केलें, चादरींच्या घड्या घातल्या, पेले विसळून ठेवले. खोलीची व्यवस्था पाहणारा तरुण आला व तें पाहून ओशाळला. नांवावरून व बोलण्यावरून तो आपल्याकडचाच, वेंगुर्ल्याचा, निघाला. "काकी, तुमी बसा. ह्यां माझां काम. सायबान बघल्यान तर माकाच बोलतलो," असें त्यानें हात जोडून सांगितलें. सौ. चा संकोच खरा होता. पण त्या संकोचाची किंमत त्या पोराला मोजावी लागणार होती. आम्ही स्वतः पाय पसरून बसलों होतों म्हणून आम्हांस कोणीं कांहीं म्हटलें नाहीं.

तो आठ महिन्यांच्या करारावर आलेला. घरीं आई एकटी. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हां तो समुद्रावर होता. हें त्यानें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. टॉवेलाच्या घड्या घालून तो त्यांचा हंस बनवीत होता, आणि हंसाची मान वळवतां वळवतां सहज बोलून गेला.

ह्यावर जें उत्तर तयार असतें तें आम्हांसही ठाऊक आहे. आमच्या आळसावर त्याची चूल पेटते. आम्ही घरीं बसलों तर तोही घरीं बसेल. हें उत्तर हलकें मानूं नये. गोव्याचे तारवटी व कोंकणचे खलाशी पिढ्यान् पिढ्या परक्या कंपन्यांच्या बोटींवर राबले आहेत; मुंबईंत धोबी तलावाच्या आसपास गोव्यांतील गांवांच्या नांवांचीं 'कुडें' उभीं राहिलीं तीं, पुढची बोट मिळेपर्यंत ह्या लोकांना पाठ टेकतां यावी म्हणूनच. किती घरांवर त्या पैशानें कौलें चढलीं असतील!

परंतु वेतनानें कामाचें मोल फिटतें. आईच्या उशाशीं नसण्याचें कशानें फिटावें? २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय नाविक-श्रम कराराप्रमाणें दिवसाचे दहा तास व आठवड्याचे ७७ तास विश्रांति मिळाली म्हणजे नियम पाळला गेला. आम्ही साडेदहाला कचेरींत जात होतों व रविवारीं झोंपत होतों, आणि तरीही विश्रांति ही आपली 'कमाई' आहे असें समजत होतों. २०२० च्या फेब्रुवारींत योकोहामाच्या बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' जहाज सांथीमुळें अडकून पडलें तेव्हां त्यावर ३,७११ माणसें होतीं. प्रवाशांना, आणि त्यांत वृद्ध पुष्कळ, आपापल्या खोल्यांत बंद करण्यांत आलें. त्यांच्या दाराशीं जेवण पोंचविण्याचें काम मात्र कर्मचारी करीतच राहिले. रात्रीं ते सामायिक खोल्यांत निजत. त्यांत १३२ भारतीय होते. एका जहाजावर, एका संकटांत, विलगीकरण कोणाच्या वांट्यास आलें व कोणाच्या नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्या पूर्वजांनीं उतारवयास वानप्रस्थ सांगितला, तेथें गरजा उतरत्या ठेवावयाच्या असत. त्याचे गोडवे गाण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण मनुस्मृति उघडली तों पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करून किंवा बरोबर घेऊन वनांत जावें असें आढळलें. कंदमुळें कोणीं निवडावयाचीं, हें तेथें सांगितलेलें नाहीं.

मोह गळून पडला, कारण खरी गोष्ट आमच्या घरांतलीच होती. जहाजावर अडीच माणसांमागें एक सेवक पाहून आम्हांस अवघडल्यासारखें झालें. घरीं चाळीस वर्षें एका माणसामागें एक माणूस अखंड राबत होतें, तेव्हां झालें नाहीं. तेथें वेतन नव्हतें, करार नव्हता, आणि ७७ तासांचा हिशेब मागणारें कोणी नव्हतें. आतां आम्ही सकाळचा चहा करतों. तो चांगला होत नाहीं, आणि चाळीस वर्षांपुढें त्याचें वजन किती तें आम्ही जाणतों.

परत आल्यावर चिरंजीवांचा फोन आला; आराम मिळाला ना, म्हणून त्यांनीं विचारलें. मिळाला, असें आम्ही सांगितलें. सौ. नीं फोन घेऊन वेंगुर्ल्याच्या त्या बाईंच्या डोळ्यांची हकीकत सांगितली. पलीकडून कांहीं वेळ आवाज आला नाहीं. मग, "आई, डिसेंबरांत सुटी मिळते का तें बघतों," असें ते म्हणाले.